मोहतळ्याची पेटी

वारलू कोतवालाची दवंडी मोहतळ्यात कोणी पुरती ऐकून घेत नसे. डफडं वाजलं की बाया म्हणत, आला वारलू, आता कोणाचं ढोर कोंडवाड्यात गेलं ते सांगेल, आणि पुन्हा आपल्या कामाला लागत. पण त्या दिवशी तो डफडं वाजवत थेट तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आला आणि वाजवून झाल्यावर ओरडायचं सोडून नुसताच उभा राहिला. मोहाच्या झाडाखाली गुणाबाई जाळ्याचं भोक सांधत बसली होती. तिने मान वर केली.

"काय झालं रे वारलू? तोंडात गुळणी धरली काय?"

"बाई, घनश्यामभाऊनं राजीनामा देल्ला. नागपूरची खुर्ची सोडली. आता पुन्हा मत टाका लागते."

गुणाबाईच्या हातातली सुई जाळ्यातच राहिली. गावात राजीनामा हा शब्द काही सगळ्यांना कळत नव्हता. पण खुर्ची सोडली म्हणजे काय हे न कळायला कोणी दूधखुळं नव्हतं. मिळालेली खुर्ची माणूस मरेस्तोवर सोडत नाही, पाटलाची असो की सरपंचाची. आणि पुन्हा मत टाकायचं, हे तर तिला मुळीच ऐकायचं नव्हतं.

ते का, हे सांगायला दोन-अडीच वर्षं मागे जावं लागेल. बावन्न साली देशात पहिल्यांदा मतदान झालं. तेव्हा आपलं राज्य मध्यप्रदेश, राजधानी नागपूर आणि जिल्हा चांदा. आताच्यासारखी कागदावर शिक्का मारायची रीत तेव्हा नव्हती. जितके उमेदवार तितक्या लोखंडी पेट्या, आणि प्रत्येक पेटीवर त्या-त्या उमेदवाराच्या निशाणीचं चित्र. साहेबाकडून कागद घ्यायचा, गोणपाटाच्या पडद्याआड जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीच्या फटीतून तो आत टाकायचा. पडद्याआड दुसरं कोणी नाही, विचारायला नाही आणि सांगायलाही नाही.

मोहतळ्यात कोणतंही चांगलं काम वडील बाईच्या हाताशिवाय सुरू होत नाही. हंगामाचं पहिलं जाळं पाण्यात पडायच्या आधी ढिवरांतली, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांतली, सगळ्यांत मोठी बाई तलावाला चिमूटभर तांदूळ देते, मगच जाळं फेकतात. तांदूळ न देता फेकलं तर मासोळी मिळत नाही असं काही नाही. पण तसं आजवर कोणी करून पाहिलेलं नाही. तेव्हा मताच्या दिवशीही गावाने गुणाबाईला पुढे केलं. ती तलावावर न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून, पदरात तांदूळ बांधून गेली. पडद्याआड पाहते तर ओळीने मांडलेल्या पेट्या, त्यांवर चित्रं. तिने घनश्यामभाऊचं चित्र ओळखलं, कागद पेटीच्या डोक्यावर ठेवला, त्यावर तांदूळ वाहिले, हात जोडले आणि बाहेर आली. देवाच्या पुढ्यात ठेवायचं असतं, देवाच्या पोटात हात घालायचा नसतो, एवढं तिला कळत होतं.

तिच्या मागून जो गेला त्याने पेटीवरचा कागद पाहिला आणि आपलाही शेजारी ठेवला. त्याच्या मागच्याने दोन पाहिले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात; मोहतळ्यात पुढचीला ठेच लागली आणि मागचे सगळे नेमके त्याच दगडाला ठेचाळले. संध्याकाळी साहेबाने पडदा सारला तेव्हा पेटी रिकामी आणि पेटीवर ढीग. कागद, तांदूळ, झेंडूची फुलं, कोणाची तरी सुपारीही. कायद्याप्रमाणे बाहेर सापडलेला कागद म्हणजे न दिलेलं मत. साहेबाने सगळे गोळा करून लिफाफ्यात भरले आणि वर लिहिलं, रद्द.

तेव्हापासून मोहतळ्याला नाव पडलं, पेटीपुजे. जवळच्या मूल गावच्या बाजारात गुणाबाई मासोळी घेऊन बसली की घेणारे विचारत, "मासोळी पुजा लागते का खा लागते, बाई?" आणि हसत निघून जात. गावातल्या कोणी तिला तोंडावर कधी बोल लावला नाही, पण न बोललेलं जास्त टोचतं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, या हाताने पुन्हा कोणत्या कामाची सुरुवात करायची नाही. हंगामाच्या पहिल्या जाळ्याला तांदूळ द्यायची पाळी आलीच नाही, कारण त्याच वर्षी तलावच हातचा गेला.

मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तसे मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. कोण्या हापिसात कागद हलला, मासोळीचा ठेका बाहेरच्या कोणा ठेकेदाराला मिळाला आणि पाळीवर त्याचा माणूस काठी घेऊन बसला. ज्यांच्या आज्यापणज्यांनी त्या तलावात पोहणं आणि जगणं शिकून घेतलं, त्यांनी पाण्यात जाळं टाकलं तर ती चोरी ठरू लागली. ढिवर कुटुंबं नदीवर जाऊ लागली, धान कापायला मजुरीने जाऊ लागली. गुणाबाई जाळी सांधत राहिली. का सांधते, हे तिला कोणी विचारलं नाही.

मोहतळ्याच्या मतांशिवायही निवडून येऊन आमदार झालेला घनश्यामभाऊ त्या दिवसांत एकदा आला होता. मूलकडचा धानकरी माणूस, पांढरं धोतर, चार बुकं शिकलेला, सभेत बोलायला उभा राहिला की आधी घसाच खाकरत बसणारा. पाळीवर बसून त्याने सगळ्यांचं ऐकलं, त्यांच्यातच बसून भात नि आंबील जेवला आणि जाताना म्हणाला, "मी नागपूरले विचारतो. पुढच्या दिवाळीपरेंत तुमचं जाळं पान्यात नाई पडलं तं मी त्या खुर्चीवर बसत नाई." लोकांनी माना डोलावल्या. पुढारी माणूस आहे, बोलायचंच त्याला. आता दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता, जाळं पाळीवर कोरडंच होतं, आणि माणसाने खरंच खुर्ची सोडली होती.

संध्याकाळी चावडीपुढे गाव जमलं. लटारू पाटील म्हणाला, "लोकं म्हनून राह्यले का घनश्याम येडा झाला. म्हने, ज्या गावाचं एक मत त्याच्या पेटीत नाई पडलं, त्या गावापायी कोनी खुर्ची सोडते काय?"

सगळे जमिनीकडे पाहत होते आणि गुणाबाईला वाटलं, सगळे आपल्याकडे पाहताहेत.

दोनच उमेदवार उभे राहिले. घनश्यामभाऊ पक्षाबाहेर पडून एकटा उभा होता. त्याला चित्र मिळालं सायकल. समोरच्याला मिळाला नांगर. मोहतळ्यात घरोघरी नांगर होता आणि सायकल एकाही घरी नव्हती, म्हणजे दैवाने तिथेही घनश्यामभाऊची थट्टाच केली. भाऊ मात्र हट्टाने सायकलवर प्रचाराला निघाला. झाडीतल्या वाळूच्या वाटेने मोहतळ्याला आला तेव्हा सायकल त्याच्यावर बसली होती. पंक्चर झालेली, खांद्यावर घेतलेली. गाव पोट धरून हसलं, तोही हसला, आणि मोहाखाली येऊन बसला.

मत द्या असं तो म्हणालाच नाही. पावसापाण्याचं बोलला, धानाला किती उतारा पडला ते विचारलं. गुणाबाई झाडाआड उभी होती. तिला राहवेना. ती पदर सावरत पुढे आली.

"भाऊ, एक विचारू? आमचं एक मत तुमच्या पेटीत नोतं. तरी आमच्यापायी काऊन सोडली खुर्ची?"

घनश्यामभाऊने घसा खाकरला. मग म्हणाला, "बाई, चांद्याले मोजनी झाली ना, तवा तुमच्या इथच्या पोलिंगचा साहेब मले भेटला. त्यानं सांगतलं, मोहतळ्याचा सारा ढीग तुमच्याच पेटीवर होता. तांदूळ होते, फुलं होते. दुसऱ्या कोनाच्या पेटीवर पाकळीबी नोती. मोजनाऱ्याईनं नाई मोजलं, त्याइचा कायदा. मी मोजलं."

अडीच वर्षं जी गोष्ट गुणाबाई काट्यासारखी बाळगून होती, ती या माणसाने तेवढीच वर्षं देणगीसारखी जपून ठेवली होती. ती मागे फिरली आणि घरी जाऊन चुलीपुढे बसून राहिली.

तिची सून रंभा जिभेची तिखट. भात उतरवता उतरवता तिने सासूकडे पाहिलं. "बाई, आता तुमी पुढं जाल ना?"

"माह्या हाताचं नोको म्हनू."

"काऊन? त्याच हातानं रांधता, आमी खातोच ना. अजून कोनी मेलं नाई."

गुणाबाई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली असेल. मग उठून तिने कोपऱ्यातली मासे ठेवायची टोपली काढली, ती अरुंद तोंडाची, ढिवर कमरेला बांधतात ती. धूळ झटकली आणि म्हणाली, "उद्या समद्याइले पाळीवर बोलाव."

दुसऱ्या दिवशी पाळीवर जी शाळा भरली तशी मोहतळ्याने आधी पाहिली नव्हती. टोपली मधोमध, बाजूला पळसाच्या पानांची चवड. गुणाबाईने एक पान टोपलीच्या काठावर ठेवलं. "हा मासा. इथी ठेवला तं काय होईल?"

"घार नेईल," बायांनी एकदम उत्तर दिलं. हे सांगायला कोणाला शाळेत जावं लागत नव्हतं. टोपलीवरचा मासा घारीचा, टोपलीतला आपला, हे ढिवराचं मूल चालायच्या आधी शिकतं.

"मंग मत बी मासाच हाये. वर ठेवलं, घारीनं नेलं. आता आत टाका."

ओळ लागली. जो तो यायचा, पान घ्यायचा, टोपलीत टाकायचा. कुणब्यांची माणसंही आली. धानकऱ्यांना टोपली नवी होती, पण घार काही नवी नव्हती. गुणाबाईचा धाकटा दीर मुखरू, हा गावातला सगळ्यांत शंकेखोर माणूस, त्याने पान आत टाकलं आणि लगेच हात घालून बाहेर काढलं.

"काऊन काढलं?" रंभाने विचारलं.

"पडलं का नाई पाह्यतो."

"तिथी हात घालाल तं साहेब हात तोडन."

"मंग पडलं हे कसं समजन?"

खरं होतं. वर ठेवलेलं दिसतं. आत टाकलेलं दिसत नाही. गुणाबाई म्हणाली, "जाळं पान्यात गेलं का दिसते काय रे मुखरू? हाताले समजते. तसंच." मुखरूचं समाधान झालं नाही, पण वहिनीपुढे तो जास्त बोलत नसे.

लटारू पाटलाने वेगळीच अडचण काढली. नांगर हा अन्नदाता, त्याची पेटी समोर असताना तिला पाठ कशी दाखवायची? गुणाबाईने त्याला हात जोडले. "पाटील, नांगर तुमच्या घरी हाये, त्याची पूजा घरी करा. पेटीत नांगर नाई बसला, मानूस बसला हाये." पाटील हसला आणि पान घेऊन ओळीत उभा राहिला.

मतदानाच्या दिवशी धानाच्या गंज्या अजून शेतात होत्या, तरी शेतात कोणी गेलं नाही. चावडीत टेबल मांडलेलं, खुर्चीवर तोच मागचा साहेब, बारीक अंगाचा, गळ्याला मफलर. त्याने गाव पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. मग त्याची नजर ओळीत सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या गुणाबाईच्या पदराकडे गेली. पदराच्या टोकाला गाठ होती.

"बाई, त्यात काय आहे?"

"तांदूळ हाये साहेब. रिकाम्या हातानं जानं आमच्यात नाई."

साहेबाने पेन खाली ठेवलं. "हे बघा बाई. मागच्या वेळी तुमच्या गावची सगळी मतं मी लिफाफ्यात भरली. घरी गेल्यावर मला जेवण गेलं नाही. पेटीवर काहीही ठेवायचं नाही. तांदूळ द्यायचेच असतील तर इथे दाराशी ताट ठेवतो, त्यात द्या." आणि त्याने वारलू कोतवालाचं जेवायचं ताट मागवून दाराशी ठेवलं.

गुणाबाईने ताटाकडे पाहिलं. पितळी, चेपलेलं, काठाला कालचं पिठलं वाळलेलं. वारलू भला माणूस होता, पण त्याच्या ताटाला तांदूळ वाहायचे म्हणजे काय? साहेबाचं मन मोडू नये म्हणून तिने दोन दाणे त्यात टाकले. बोटाला शाई लावून घेतली, कागद घेतला आणि पडद्याआड गेली.

आत दोन पेट्या. एकीवर नांगर, एकीवर सायकल. पडदा मागे पडला आणि बाहेरचा गलका कमी झाला. एवढ्या मोठ्या गावातून आपण पहिल्या, आणि मागे सगळं गाव आपल्या भरवशावर उभं, हे तिला पुन्हा तेव्हासारखंच जाणवलं. तिने सायकलच्या पेटीला हात लावला. लोखंड गार होतं. मग तिला आठवलं, साहेब म्हणाला होता पेटीवर काही ठेवायचं नाही. पेटीत काही टाकायचं नाही असं काही तो म्हणाला नव्हता. तिने पदराची गाठ सोडली, चिमूटभर तांदूळ कागदात घेतले, कागदाची घट्ट पुडी केली आणि फटीतून आत सोडली. आत कुठे तरी टिनाला दाणा लागल्याचा बारीक आवाज झाला. मुखरूला उत्तर मिळालं असतं.

बाहेर येऊन ती मोहाखाली जाऊन बसली आणि तिथून ओळ पुढे सरकताना पाहू लागली. पाटील गेला, मुखरू गेला, रंभा गेली, मग देवकाबाई, सुगंधाबाई, टोल्यावरच्या वस्तीतले गोंड, सगळे. प्रत्येक जण पडद्याआड जरा जास्तच वेळ लावत होता. तिला वाटलं, बिचारे फट शोधत असतील.

दिवस कलला. ओळ संपली. साहेब उठला, त्याने मफलर सोडला आणि पुन्हा गुंडाळला. सगळं गाव चावडीपुढे दाटलं. त्याने पडदा एका बाजूला सारला.

दोन्ही पेट्यांची डोकी लख्ख रिकामी होती. त्याने वाकून पाहिलं, पेट्यांच्या मागे पाहिलं, खाली पाहिलं. मग तो दाराशी आला. दोन्ही उमेदवारांची माणसं बाजूला उभी होती, तरी तो गावाकडे पाहूनच बोलला.

"एकही कागद बाहेर नाही."

माणसांच्या पाठी एकदम ताठ झाल्या, हे गुणाबाईला दिसलं. लटारू पाटलाने मिशीवरून हात फिरवला. रंभा रडत होती आणि नाक पुसत, डोळ्यात धूळ गेली म्हणत होती. गाव करील ते राव काय करील म्हणतात, ते मोहतळ्याने त्या दिवशी करून दाखवलं होतं. साहेबाने वारलूचं ताट उचललं, तळाशी मोजके दाणे पाहिले आणि शेजारच्या शिपायाला म्हणाला, "तांदळाचं सुटलं वाटतं यांचं." पेट्यांना लाख लागली, त्या बैलगाडीत चढल्या आणि चांद्याकडे गेल्या.

सगळ्या गावाला त्या संध्याकाळी धन्य वाटलं, एका गुणाबाईला सोडून. पेट्यांना लाख लागताना पाहून तिच्या मनात आलं, पेटी उघडतील, कागदातून तांदूळ निघतील, आणि साहेब पुन्हा लिहील, रद्द. एकट्या आपल्या कागदावर लिहील की साऱ्या पेटीवर? कायदा काय म्हणतो, कोणाला ठाऊक? पहिल्या वेळी निदान तिला काही माहीत नव्हतं. या वेळी तिने जाणूनबुजून केलं होतं. तिला घास गोड लागेना. रंभाने चारदा विचारलं, तिने चारदा सांगितलं, "काई नाई."

मोजणीची बातमी वारलूने मूलहून आणली. तो डफडं न वाजवता आला, तेव्हाच गावाला समजलं. घनश्यामभाऊ पडला होता. फार नाही, पण पडला होता. मोठ्या गावांनी नांगराला मत दिलं होतं. माणसं पाळीवर येऊन बसली. ठेकेदाराचा माणूस काठी टेकून दुसऱ्या टोकाला बसला होता, आणि त्या दिवशी त्याच्याकडे पाहायची कोणाला इच्छा नव्हती. गुणाबाईच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. आपल्या पेटीचं काय झालं?

तिसऱ्या दिवशी घनश्यामभाऊ आला. सायकल या वेळी चालत होती. मोहाला टेकवून त्याने ती उभी केली आणि खिशातून गाठ मारलेला रुमाल काढला. गाठ चांगली संत्र्याइतकी मोठी होती.

"गुणाबाई कुठी आहे?"

ती पुढे आली. "भाऊ, आमची पेटी बाद झाली काय?"

"बाद?" तो म्हणाला. "अवो बाई, मोजनीच्या हालमंदी तुमची पेटी उलटी केली, तं कागदाच्या आधी तांदूळच सांडले. टेबलभर. मोजनारे उभे झाले. मोठा साहेब आला, म्हने हे काय? तवा तुमचा पोलिंगचा साहेब पुढं आला, म्हने हे मोहतळं. एकेक कागद उलगडून पाह्यला त्याइनं. एक बी बाद नाई. समोरच्या मानसानं सोता विचारलं मले, हे गाव कुठी आहे?" त्याने रुमाल तिच्यासमोर धरला. "टेबलावरचे झाडून टाकत होते. मी म्हनलं, ते माहे आहेत."

गुणाबाईने गाठ सोडली. रुमालात ओंजळभर तांदूळ होते. ती त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"मी तं चिमूटभरच टाकले होते," ती म्हणाली.

गुणाबाईने मान वर केली. मुखरू तलावाकडे पाहत होता, जणू तिथे पहिल्यांदाच पाणी दिसलं. सुगंधाबाईने तोंडाला पदर लावला. लटारू पाटील खाकरला. रंभा म्हणाली, "माह्याकडे काऊन पाह्यता? त्या कोतवालाच्या ताटात काय तांदूळ टाकायचे काय?"

आणि मग जे हसू फुटलं ते तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत गेलं असेल. मागच्या वेळी एकमेकांचं पाहून सगळ्यांनी एकच चूक केली होती. या वेळी कोणी कोणाचं पाहिलं नव्हतं, कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि पडद्याआड एकट्या एकट्या माणसाने तेच केलं होतं. गुणाबाई हसत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. अशा गावातली आपण वडील बाई, या विचाराने तिला इतका अभिमान वाटला की उभं राहवेना. ती मोहाच्या मुळावर बसली. नांगराच्या पेटीतूनही दोन-चार दाणे निघाले होते असं भाऊने नंतर हळूच सांगितलं. ते कोणाचे, हे गावात अजून कोणी कबूल करत नाही.

मूलच्या बाजारात नाव बदललं नाही. पेटीपुजेच म्हणत राहिले. पण कोणी तसं म्हटलं की गुणाबाई मान वर करून म्हणे, "हो, पुजली. आन मोजली बी." पुढे कोणाला बोलायला जागा राहत नसे.

निवडून आलेला माणूस महिनाभरात मोहतळ्याला आला. ज्या गावचं मत मोजलं जात नाही त्या गावाची वाट पुढाऱ्यांना सापडत नाही, आणि ज्या गावचं जवळपास सगळं मत विरुद्ध मोजलं जातं त्याची वाट मात्र लवकर सापडते. तो पाळीवर बसला, काय हवं विचारलं. गुणाबाईने सांधलेलं जाळं त्याच्यापुढे ठेवलं. चार-सहा हेलपाटे झाले, अर्ज झाले, घनश्यामभाऊने सायकलवरून चांदा आणि नागपूर पालथं घातलं, खुर्ची नसताना. ठेक्याची मुदत संपली तेव्हा नवा ठेका निघाला नाही. ढिवरांची संस्था झाली आणि तलाव संस्थेला मिळाला. काठीवाला माणूस आपली काठी घेऊन गावी गेला.

पहिल्या जाळ्याच्या दिवशी सगळं गाव पाळीवर होतं. मुखरू कमरेइतक्या पाण्यात, जाळं खांद्यावर, उभा. गुणाबाईने आढ्याला बांधून ठेवलेला रुमाल आणला होता. तिने गाठ सोडली, ओंजळ भरून घेतली आणि पाण्याच्या कडेपर्यंत गेली. मग मागे वळली. घनश्यामभाऊ सगळ्यांच्या मागे, आपल्या सायकलजवळ उभा होता.

"भाऊ, इकडं या."

तो आला. तिने तांदूळ त्याच्या हातावर ओतले.

बायांमध्ये कुजबुज झाली. हा मान गावच्या वडील बाईचा. पुरुषाने कधी हे केलं नव्हतं, बाहेरच्या गावच्याने तर नाहीच. घनश्यामभाऊही गोंधळला. "बाई, हे तुमचं काम हाये. मी आता कोनी नाई. आमदार बी नाई."

"म्हनूनच," गुणाबाई म्हणाली. "तुमी आमचे न मोजलेले मोजले. आता हे तुमीच द्या."

त्याने घसा खाकरला. वाकून त्याने हात उघडला आणि तांदूळ पाण्यात गेले. बारीक बारीक वर्तुळं उठली. मुखरू ती विरेपर्यंत थांबला, मग त्याने जाळं फेकलं.